मेल्यावर नव्हे, जितेपणी

१९१९ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी एक कायदा केला. बाईला क्रूरपणे वागवणाऱ्याला कैद आणि दंड, हा त्याचा गाभा. शाहूंचं नाव निघालं की राखीव जागांचा हुकूम, वसतिगृहं, राधानगरीचं धरण यांबद्दल आपण भरभरून बोलतो. हा कायदा मात्र बहुतेकांच्या ओठांवर येत नाही. संस्थान विलीन झालं, संस्थानाचे कायदे मागे पडले आणि त्यांच्याबरोबर हाही गेला. उर्वरित देशाच्या फौजदारी कायद्यात घरातला छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला जायला १९८३ साल उजाडावं लागलं. म्हणजे बाकी देशात पुढची चौसष्ट वर्षं हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकाबाहेरच राहिला.

कायदा तोवर घरात शिरतच नव्हता असं मात्र नाही. बाईला घरात ढकलायचं असेल तेव्हा तो तत्परतेने शिरत होता. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला आठवावा. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडे नांदायला जायला नकार. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलात तो टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असं रखमाबाई म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, म्हणून ती वेळ आली नाही. पुढे त्या डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटात त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. त्यांचा खटला मारहाणीचा नव्हता. तरी या इतिहासाची सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण त्या निकालात कायद्याची सगळी दिशा दिसते. बाईने नवऱ्याच्या घरात गेलं पाहिजे, हे सांगायला कायद्याकडे शब्द होते. त्या घरात तिच्या अंगाला हात लागता कामा नये, किंवा त्या घरातून तिला हुसकता येणार नाही, हे सांगायला नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला. हुंडा घेणं-देणं गुन्हा झालं, पण पोलिसांना स्वतःहून हात घालता येणार नाही अशीच त्याची रचना होती. मारहाणीचंही तेच. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा. बाई सुजलेला चेहरा घेऊन चौकीत गेली की हवालदार एनसी लिहून घेई आणि तिला घरी पाठवून देई. एनसी म्हणजे नुसती नोंद. तपास नाही, अटक नाही. तो कागद घेऊन ती ज्या घरी परत जायची तिथे मारणारा बसलेलाच असायचा, आणि आता पोलिसांत गेल्याचा राग त्याच्या हाताला आणखी जोर देत असे. ‘घरचं भांडण आहे, मिटवून घ्या’ हे वाक्य या देशातल्या किती ठाण्यांमध्ये किती वेळा बोललं गेलं असेल, याची मोजदाद कुणीच ठेवलेली नाही.

मग स्टोव्हचे भडके सुरू झाले. खरं तर ते आधीही होत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते बायकांनी मोजायला सुरुवात केली. पंचनाम्यात एकच मजकूर असायचा : स्वयंपाक करताना स्टोव्ह भडकला, नायलॉनच्या साडीने पेट घेतला. सासूची साडी पेटत नव्हती, नणंदेची पेटत नव्हती. पेट घ्यायची ती लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेल्या सुनेचीच. १९७९ च्या मे महिन्यात दिल्लीच्या मॉडेल टाऊनमध्ये एक तरुण विवाहिता जळून मेली. सासरच्यांनी जाळलं, असं तिने मरताना सांगितलं होतं. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. जूनच्या पहिल्याच दिवशी बायका त्या घरावर मोर्चा घेऊन गेल्या. त्याच वर्षी सत्यराणी चढ्ढा यांची गरोदर लेक सासरी जळून गेली. या बाईंनी लेकीचा खटला तीस वर्षांहून अधिक काळ लढवला, आणि लेक गमावलेल्याच शहाजहान आपांच्या सोबतीने ‘शक्ती शालिनी’ ही संस्था उभी केली. ज्या घरात लेक दिली त्या घरासमोर उभं राहून ओरडायचं, हे त्याआधी सहसा कुणी करत नसे. सासरची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाही, हा दंडक त्या दोन आयांनी मोडला.

महाराष्ट्रात याच सुमारास वेगळ्या वाटेने तीच जाग आली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राने मुंबईत बायका एकत्र आल्या आणि १९८० मध्ये बलात्काराविरोधी मंच स्थापन झाला. मंच स्थापन झाला बलात्काराच्या प्रश्नावर. पण बैठकांना येणाऱ्या बायका बोलू लागल्या त्या घराबद्दल. मंचाचं नावच पुढे ‘नारी अत्याचार विरोधी मंच’ झालं.

त्या बैठकांना येणाऱ्यांत फ्लेव्हिया ॲग्नेस होत्या. वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेल्या, हाताशी पदवी नसलेल्या, मुलं पदरात असलेल्या. १९८४ मध्ये त्यांनी आपली कहाणी पुस्तकरूपाने मांडली. या देशात मार खाणाऱ्या बाईने स्वतःच्या नावाने, तोंड न लपवता एवढं सविस्तर लिहिण्याची ती जवळजवळ पहिलीच वेळ. मार हा गरिबाघरचा, दारुड्याचा, झोपडपट्टीतला विषय, ही सुशिक्षितांची समजूत त्या पुस्तकाने मोडली. पुढे त्या शिकल्या, वकील झाल्या आणि ‘मजलिस’ या संस्थेतून इतर बायकांचे खटले लढवू लागल्या. आज पीडित स्त्रियांच्या कायद्याबद्दल मुंबईत बोलायचं तर त्यांच्या कामाला ओलांडून पुढे जाताच येत नाही.

पुण्याची गोष्ट मला जास्त थांबून सांगावीशी वाटते. जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. लग्न होऊन जेमतेम चार महिने झालेले. मंजुश्री सारडा हे तिचं नाव तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत झालं. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुरावा कसा जोखावा याची पाच सूत्रं त्या निकालात सांगितली गेली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात आणि आजही देशभरातल्या खुनाच्या खटल्यांत ती उद्धृत होतात. मृत्यूपूर्वी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात होती. त्यांतलं नैराश्य पाहता आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाला वाटलं. त्या निकालाविषयी इथे वाद घालायचा नाही; पुरावा अपुरा असेल तर फाशी देता येत नाही, हे तत्त्व कुणीही मान्य करील. पण हा खटला मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. कोर्टापुढे प्रश्न एवढाच होता की हा खून की आत्महत्या. ती बाई ते चार महिने कशी जगली, असं विचारणारं कलमच तेव्हा अस्तित्वात नव्हतं. तिचं दुःख कायद्याच्या नजरेला पडलं ते ती मेल्यानंतर, आणि तेही मृत्यूचं कारण शोधण्यापुरतं.

मंजुश्री गेली त्याच वर्षी पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला. ‘मी एक मंजुश्री’ नावाचं पोस्टर प्रदर्शन घेऊन हा मंच गावोगाव फिरला. नावातच सगळं आलं होतं. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका पोस्टरसमोर उभ्या राहत आणि मग कार्यकर्तीला बाजूला घेऊन हळूच सांगू लागत की माझंही असंच आहे. या बोलण्यातून मंचाचं ‘बोलते व्हा’ हे केंद्र उभं राहिलं. त्याच काळात स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक चाळींत, मैदानांत, गावांच्या पारांवर होऊ लागलं. दिल्लीत कायदा घडत होता तो संसदेच्या समितीत. इकडे त्या कायद्याची गरज बायकांच्या तोंडून बाहेर पडत होती, आणि तीही पहिल्यांदाच अनोळखी माणसांसमोर.

अखेर डिसेंबर १९८३ मध्ये संसदेने भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम घातलं. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी बाईला क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. एनसीच्या कागदाने परत पाठवलं जाण्याचे दिवस निदान पुस्तकात तरी संपले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली आणि छळ झाल्याचं दिसलं, तर नवऱ्याने वा सासरच्यांनी तिला प्रवृत्त केलं असं न्यायालयाला गृहीत धरता येईल, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात झाली. १९८६ मध्ये ३०४-ब आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आतला अनैसर्गिक मृत्यू आणि त्याच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ, असं दिसलं तर तो हुंडाबळी. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

हे सगळं मोठं होतं. रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी ते खेचून आणलं होतं. पण हा कायदा नीट वाचला तर त्याची नजर कुठे खिळली आहे ते कळतं. मृत्यू, आत्महत्या, हुंडा, शिक्षा हे त्याचे शब्द. मेलेल्या बाईला न्याय देण्यासाठी तो सज्ज झाला होता. जिवंत बाईला तो म्हणत होता, नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं असेल तर सांग. त्याव्यतिरिक्त काही हवं असेल, तर त्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

आणि बायकांना हवं होतं ते नेमकं त्याव्यतिरिक्तचं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसेल, ही कल्पना देशात नवी होती. मुंबईत ती रुजली आणि पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपल्या कामात सामावून घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. अशा कक्षांत, महिला मंडळांच्या कार्यालयांत, पुढे २००१ पासून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्त्या सारखं एकच ऐकत होत्या : त्याला आत टाकू नका, पण त्याचा हात थांबवा. मला घराबाहेर काढू देऊ नका. पोरांना माझ्यापासून तोडू देऊ नका. महिन्याला घरखर्चाचं काही बघा. यातलं एकही मागणं ४९८-अ पुरवू शकत नव्हतं. उलट फिर्याद दिली त्या रात्री बाई रस्त्यावर यायची. नवरा आठवड्याने जामिनावर सुटून त्याच घरी परत यायचा, आणि तिची ट्रंक तोवर जिन्यात काढून ठेवलेली असायची.

खेड्यात हे चित्र आणखी उघडंवाघडं होतं. मारून, टाकून, माहेरी आणून सोडलेल्या बायकांना आपल्याकडे परित्यक्ता म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर, गेल ऑम्वेट यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने आणि संगमनेरात निशा शिवूरकर यांनी या बायकांना एकत्र केलं. त्यांच्या मागण्यांमध्ये नवऱ्याला शिक्षा ही पहिली नव्हती. स्वतंत्र रेशन कार्ड द्या, राहायला जागा द्या, या होत्या. त्यांचं नाव असायचं ते नवऱ्याच्या किंवा भावाच्या रेशन कार्डावर. बाईचं स्वतःचं कुटुंब असू शकतं, हे सरकारी कागदाला मान्यच नव्हतं. या बायकांचा उल्लेख कायद्याच्या इतिहासात फारसा होत नाही. माझ्या मते २००५ च्या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम त्यांनी जवळजवळ वीस वर्षं आधी, मोर्चाच्या घोषणांतून लिहून ठेवलं होतं.

न्यायालयांना मात्र घराचं दार अजून बंदच ठेवायचं होतं. १९८३ च्या जुलैत आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी, बाईला जबरदस्तीने नांदायला लावणारं हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम घटनाबाह्य ठरवलं. रखमाबाईंच्या खटल्याला शंभर वर्षं होत आली असताना हे घडलं, हा योग मनाला भिडतो. पण काही महिन्यांतच दिल्ली हायकोर्टाने नेमका उलटा निकाल दिला. घराच्या खासगी आयुष्यात घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमाला स्थान नाही. संविधान घरात आणणं म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात बैल सोडणं, असं त्या निकालाचं म्हणणं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची बाजू उचलली आणि नववं कलम वाचलं. समतेचा आणि जगण्याचा हक्क उंबरठ्याशी थांबतो, असं देशाच्या एका हायकोर्टाने १९८३ मध्ये लिहावं, आणि त्याच वर्षाअखेरीस संसदेने ४९८-अ करावं. त्या काळाचा गोंधळ याहून स्पष्ट कशात दिसणार?

नव्वदच्या दशकात हा विषय दिवाणी कायद्याच्या अंगाने मांडला जाऊ लागला. १९९३ मध्ये भारताने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. मुंबईत १९८१ मध्ये इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी स्थापन केलेल्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने देशभरच्या महिला संघटनांशी बोलून एका नव्या कायद्याचा मसुदा तयार केला. त्याच सुमारास, १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना पहिल्यांदा थेट विचारलं गेलं की नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणासाठी योग्य वाटतं. ५६ टक्के बायकांनी निदान एका कारणासाठी ते योग्य म्हटलं. घराकडे दुर्लक्ष, न विचारता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, अशी ती कारणं. जिथे निम्म्याहून अधिक बायकांनाच मार रास्त वाटतो, तिथे कायदा करून काय होणार, असं त्या वेळी पुष्कळ जण म्हणाले. मला ते उलट वाटतं. जिथे समाजाने बाईलाही मारणाऱ्याच्या बाजूला उभं केलं आहे, तिथे निदान एका सरकारी कागदावर तरी ‘हे चूक आहे’ असं छापलेलं असलं पाहिजे.

८ मार्च २००२ रोजी, महिला दिनाचा मुहूर्त साधून, सरकारने लोकसभेत आपलं विधेयक मांडलं. ते वाचून संघटनांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यात हिंसेची व्याख्या अशी होती की नवरा ‘सवयीने’ मारत असेल तर ती हिंसा. सवय कधी लागते? तिसऱ्या वेळी? दहाव्या? पहिल्या माराने हात मोडला तर तो सवयीचा नाही म्हणून सोडून द्यायचा? त्याहून वाईट म्हणजे, स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी केलेलं वर्तन हिंसा धरू नये, अशी सवलत त्यात होती. बायकोने घर सोडताना स्वतःचे दागिने मागितले आणि नवऱ्याने तिला ढकललं, तर तो ‘मालमत्तेचं रक्षण’ करत होता असं म्हणायची सोय झाली. आणि ज्यासाठी एवढी वर्षं धडपड चालली होती तो घरात राहण्याचा हक्क, तो स्पष्ट शब्दांत कुठेच नव्हता.

यानंतर जे झालं ते आपल्या लोकशाहीबद्दल विश्वास वाटावा असं आहे. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. महिला संघटना समितीपुढे गेल्या, कलम-कलम वाचून हरकती मांडल्या, आणि डिसेंबर २००२ च्या अहवालात समितीने मोठे बदल सुचवले. लोकसभा विसर्जित झाल्यावर ते विधेयक बारगळलं, हे एका परीने बरंच झालं. नव्या सरकारने नव्याने मसुदा आणला. ऑगस्ट २००५ मध्ये संसदेने तो मंजूर केला, १३ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम लागू झाला.

हा कायदा आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. तो तुरुंगापासून सुरू होत नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, अशा चारही तऱ्हेच्या त्रासाला तो हिंसा म्हणतो. घरखर्चाला पैसे न देणं, तिचा पगार काढून घेणं, तिचं स्त्रीधन विकून टाकणं ही हिंसा. नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीला आपली फौजदारी संहिता आजही बलात्कार मानत नाही. पण या कायद्यात तिला हिंसा म्हणून जागा आहे. संरक्षण बायकोपुरतं नाही. आई, बहीण, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्री, या सगळ्या त्यात येतात. न्यायदंडाधिकारी मारणाऱ्याला रोखणारा आदेश देऊ शकतात, प्रसंगी त्यालाच घर सोडायला सांगू शकतात, खर्च आणि भरपाई ठरवू शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. तातडी असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश निघतो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. आदेश मोडला, तरच गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि सतरावं कलम. ज्या घरात ती राहते किंवा राहिली आहे, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर तिच्या नावावर असो वा नसो. ‘माझ्या घरातून चालती हो’ या वाक्याला भारतीय कायद्याने दिलेलं हे पहिलं उत्तर.

ते उत्तर दोन महिनेही टिकलं नाही. १५ डिसेंबर २००६ रोजी, बत्रा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सून हा हक्क सांगू शकते तो फक्त नवऱ्याच्या मालकीच्या, त्याने भाड्याने घेतलेल्या किंवा त्याचा वाटा असलेल्या एकत्र कुटुंबाच्या घरावर. घर सासूच्या नावावर असेल तर नाही. कायद्यातली व्याख्या गबाळेपणाने लिहिली आहे, असंही न्यायालयाने सुनावलं. आपल्याकडे लग्न होऊन येणारी बहुसंख्य सून सासू-सासऱ्यांच्या घरातच येते. ज्या घरात तिचा गृहप्रवेश झाला, जिथे तिने भांडी घासली, पोरं वाढवली, ते घर कागदावर नवऱ्याचं नाही, एवढं सिद्ध केलं की सतरावं कलम निष्प्रभ. नवऱ्याने वेगळी खोली घेऊन निघून जायचं आणि मागे आईबापांनी सुनेला बाहेर काढायचं, ही वाट अनेकांना सापडली. या एका निकालाने किती बायका रस्त्यावर आल्या, ते मोजणं शक्य नाही.

चौदा वर्षं हा निकाल कायदा म्हणून चालला. १५ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. सासऱ्यांच्या मालकीचं घरही ‘सामायिक घर’ असू शकतं. तिचं तिथलं राहणं कायमच्या स्वरूपाचं होतं का, एवढं पाहायचं. वृद्ध आईवडिलांना शांतपणे जगण्याचा हक्क आहे, तोही न्यायालयाने जपला. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा हा हक्क परस्पर मारता येणार नाही. मधल्या काळात, २०१६ मध्ये, मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच दाद मागता येईल ही अटही गेली. छळणारी घरातली दुसरी बाई असेल तर तिच्याविरुद्धही आता अर्ज करता येतो.

या कायद्यांचा गैरवापर होतो, हे वाक्य आता इतकं सरसकट बोललं जातं की त्यावर थांबणं भाग आहे. खोट्या तक्रारी होत नाहीत असं कुणीही म्हणणार नाही. कुठल्या कायद्यात त्या होत नाहीत? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये असं बजावलं, ते योग्यच होतं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं, महाराष्ट्रात २५.२ टक्के. म्हणजे दर चौघींमागे एक. त्यातल्या फार थोड्या पोलिसांपर्यंत किंवा कोर्टापर्यंत पोचतात. न वापरल्या जाणाऱ्या कायद्याबद्दल आपण एवढं कमी बोलतो आणि गैरवापराबद्दल एवढं जास्त, हे मला अन्यायाचं वाटतं.

कायदा आणि बाई यांच्यामध्ये उभा राहायचा तो संरक्षण अधिकारी. अर्ज लिहायला मदत करायची, दवाखान्यात न्यायचं, आसरागृह शोधायचं, आदेशाची अंमलबजावणी बघायची, हे त्याचं काम. अनेक राज्यांनी हे काम आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या अधिकाऱ्यांच्या माथी जादा म्हणून मारलं. १ जुलै २०२२ रोजी या कायद्याखालचे सुमारे ४ लाख ७१ हजार अर्ज देशभर प्रलंबित होते. २०२५ मध्ये, कायदा होऊन वीस वर्षं होत आली असताना, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी नेमा आणि ते आहेत हे लोकांना कळू द्या.

ते लोकांना कळणं हा भाग सरकारवर सोडून चालणार नाही. या कायद्याचं चौथं कलम थेट तुमच्या-माझ्यासाठी आहे. घरात हिंसा होते आहे असं वाटण्यासारखं कारण असेल, तर कुणीही व्यक्ती, शेजारी, शिक्षिका, घरकाम करणारी मावशी, सोसायटीचा वॉचमन, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर कसलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मार चालू असेल तर ११२ ला फोन करा. सल्ला, आसरा, मदत हवी असेल तर १८१. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००; बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. आणि ती बाई तुमच्या ओळखीची असेल तर तिला एवढं जरूर सांगा : ते घर सोडायचं की नाही हे तिने ठरवायचं, कायद्याची रीत सोडून तिला तिथून हुसकून लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.